रेणुकाने खोडलेलं पहिलं कलम

रेणुका सकपाळने गावावरच्या कातळाच्या सड्यावर बंगला घेतला, ही बातमी आधी पिठाच्या गिरणीत फुटली. गावच्या दोन्ही वाड्यांत पोचेपर्यंत बंगल्याला माडी चढली, गच्चीवर झोपाळा लागला, आणि गिरणीवाल्या मैनाने तर पडद्यांचा रंगसुद्धा सांगून टाकला. पुरावा एकदम पक्का. बाई दर सोमवारी इस्त्रीची साडी नेसून तिथल्या बंगल्यांच्या मोठ्या गेटातून आत जाते. घर नसेल तर माणूस जातो कशाला?

तर घरबिर काही नाही. आत जाऊन ती ऑफिसबाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते. मॅनेजरने बोलावलं की वाड्यांसाठी पाणी मागते. पाणी मिळत नाही, चहा मिळतो. तोही बिनदुधाचा, असं वॉचमन दीपक सांगतो. दीपक कुणबीवाडीतला, आणि त्याची ही नोकरी रेणुकाच्याच खटपटीची, त्यामुळे तिच्याबद्दल तो निदान चहापुरतं तरी खरं बोलतो.

सड्यावर मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी बंगले उठणार असं ठरलं, तेव्हा बिल्डरला ग्रामसभेचा ना हरकत ठराव हवा होता. देवळाला रंग आणि क्रिकेटच्या पोरांना टी-शर्ट एवढ्यावर हो म्हणायच्या बेतात गाव होता. रेणुका लोटे एमआयडीसीच्या कारखान्यातली ऑफिसची नोकरी सोडून नुकतीच एका संस्थेत लागली होती. गावात कंपनी किंवा बिल्डर आला की त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, हे लोकांना समजावायचं तिचं काम. दुसऱ्यांच्या गावात तिला मॅडम म्हणत. इथे, स्वतःच्या गावात, म्हणत, "आली बघा वकिलीण!"

पण बाई चिवट. ती घरोघर फिरली, कुणबीवाडी आणि बौद्धवाडी एका सतरंजीवर बसवली. या दोन वाड्या मतदान सोडून कशासाठीही एका रांगेत आल्या नव्हत्या. अटी ठरल्या. कामावर गावचीच माणसं, शाळेपर्यंत पक्का रस्ता, आणि सगळ्यांत वर, कलम पहिलं, पाणी. दोन्ही वाड्यांचे झरे सड्याच्या पोटातून येतात. वर खोदकाम झालं की खाली ते आटणार, म्हणून बिल्डरने स्वतःच्या टाकीतून बारमाही पाणी द्यायचं. देवळाचे गावकर, म्हणजे गाऱ्हाणं घालायचा मान असलेले, भागोजीतात्या तिला बैठकीत शेजारी बसवून घ्यायला लागले. "ही आमचीच पोर," असं चारचौघांत म्हणायला लागले. त्या दिवसांत रेणुकाची चाल जरा बदलली होती, हे गिरणीतल्या कुणाच्याही नजरेतून सुटलं नाही.

मधे शिमगा आला. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, बिल्डर रितेशशेठ गुलालाने माखून, हातात नारळ घेऊन उभे राहिले. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, हे शेठ वाड्यांना पाणी देनार हायत, त्यांना यश दे!" सगळ्यांबरोबर शेठही ओरडले, "व्हय महाराजा!" मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी मोबाइलवर सगळं टिपून घेतलं.

मग सह्यांची बैठक. शेठ अगदी साधेपणाने म्हणाले, "पाण्याचा शब्द तर मी देवासमोर दिलाय. तो परत स्टँपपेपरवर कशाला? म्हणजे नारळावर भरवसा नाही का गावाचा?"

तात्यांचा चेहरा उतरला. "खरा हाय," ते हळूच म्हणाले. "देवाच्या पुढं कागद मोठा करायचा म्हंजे..." आणि सगळ्यांनी रेणुकाकडे बघितलं. कच्चा मसुदा तिच्यासमोर होता, पेन हातात होतं. पाण्याचं कलम राहू द्या, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिने पहिल्या कलमावर रेघ मारली.

शेठ लबाड होते असंही नाही. एक उन्हाळा त्यांनी टाकी भरून दिली. मग त्यांना दुसरीकडे काही सुचलं, आणि सगळा प्रकल्प एका परक्या कंपनीला विकून ते निघून गेले. नवा मॅनेजर गोड बोलतो. करार उघडून दाखवतो. "मॅडम, नोकऱ्या दिल्या, रस्ता दिला. पाणी यात कुठंय?" मोबाइलमधलं गाऱ्हाणंही त्याने ऐकून घेतलं. छान आहे म्हणाला.

झरे आटले ते आटलेच. या मे महिन्यात टँकर आला तेव्हा दोन्ही वाड्या पुन्हा एका रांगेत उभ्या होत्या, हंडे घेऊन. कुणी बंगल्याच्या पडद्यांचा विषय काढला, दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. रेणुका हंडा सरकवत राहिली. भागोजीतात्या मात्र चिडले.

"गप ऱ्हवा गो! तिचा काय दोष?" मग तिच्याकडे वळून, जरा मऊ आवाजात, "तू मनाला लावून घेव नको, बाय. तू आमच्या देवाचा मान राखलास. आमी इसरनार नाय."

रेणुकाने हंडा खाली ठेवला.

"मान कसला, तात्या! मी भ्याले होते. तुम्ही मला तुमच्यातली म्हणायला लागला होतात. ते जाईल म्हणून मी पाणी खोडलं."