गरम पाण्याचा कॉक

आमच्या थोरलीला कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. दोघी बहिणींत ती थोरली, म्हणून आधी घरची थोरली, मग गल्लीची, आणि नळाची कामं करायला लागली तशी सगळ्या वस्तीची थोरली झाली. बाप नळाचा मिस्त्री. हात कसबी, आणि मारायला तेवढाच मोकळा. प्यायला की सापडेल ते उचलायचा, आणि त्या घरात सापडायचे ते पाईपचे तुकडे. धाकटी कपाटामागं शिरायची, थोरली मधे उभी राहायची. मधे उभं राहणं हे तिचं पहिलं काम. नळ नंतर आले. डावं मनगट तेव्हाचंच वाकडं जुळलंय. बाप गेला तेव्हा ती रडली नाही. त्याची हत्यारांची पिशवी मात्र घासूनपुसून तिनं खांद्याला लावली.

एका सकाळी धाकटीचा फोन आला. “ताई, शॉवरचा मिक्सर गळतोय. येतेस?”

लग्न झाल्यापासून धाकटीनं तिला कधी बोलावलं नव्हतं.

थोरली गेली. धाकटीचा नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता. “या, मिस्त्रीबाई!” म्हणाला. “पाहुणचार करू, की मजुरी देऊ?”

“आधी गळती बघू, जावईबापू. पाहुणचार कुठं पळून जात नाही.”

बाथरूमच्या दाराबाहेर पॅसेजच्या भिंतीत दोन कॉक होते, एक गार पाण्याचा, एक गरम. थोरलीनं दोन्ही बंद केले. गिझर भरलेला, तापलेला होता. मिक्सरची मूठ काढली, टोपी फिरवली, पाणी अडवणारं आतलं कार्ट्रिज ओढून उजेडात धरलं. रबर शाबूत, कुठं चीर नाही. मग तिनं मिक्सरचं धूड हलवून बघितलं. ते भिंतीतून उखडून खाली वाकलं होतं, वरची टाइल तडकली होती, आणि भिंतीलगतच्या पितळी चकतीखाली लांब केस अडकले होते. मुळासकट.

“याला कोण लोंबकळलं गं?”

“टॉवेल अडकला होता.”

“टॉवेलाला एवढं वजन असतं होय?”

धाकटीनं पदर खांद्यावर ओढला. मग म्हणाली, “ते वेणी धरून ओढत होते. मला दुसरं काही धरायला मिळालं नाही.”

थोरलीनं कार्ट्रिज खाली ठेवलं. “पिशवी भर. आत्ता निघायचं.”

“आज नको, ताई. आज सुट्टी आहे, ते घरात आहेत.”

“म्हणून तर. पुढच्या खेपेला मिक्सर निसटला तर तू कुठं आपटशील? हात सुटला की डोकंच जाणार.”

“कुणाचं डोकं जाणार?” दारात नवरा उभा होता.

“मिक्सर नवा बसवावा लागेल,” थोरली शांतपणे म्हणाली. “आणि हिला मी नेतेय.”

तो हसला. “न्या की. आधी हात धुऊन घ्या.” आणि पॅसेजच्या भिंतीकडं हात नेऊन त्यानं गरम पाण्याचा कॉक पूर्ण उघडला.

मिक्सरच्या उघड्या तोंडातून उकळतं पाणी सुटलं ते थोरलीच्या मानेवर आणि छातीवर. ती ओरडली नाही, आ वासून भिंतीला टेकली. त्यानं आत येऊन तिचे केस धरले आणि डोकं टाइलवर हाणलं. एकदा, पुन्हा एकदा. फरशीवर रक्त आणि वाफ एकत्र धावायला लागली. थोरलीच्या हाताला पाना लागला. तिनं तो त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड वाजलं. तो कोसळताना तिनं त्याची कॉलर पकडली, आणि दोघंही त्या धारेखाली गेले.

आता ओरडणारा तो होता. “कॉक बंद कर! ए, ऐकू येत नाही का? बंद कर!”

धाकटी तोवर बाहेर पॅसेजमधे, कॉकपाशी पोचली होती. हात कॉकवर होता. तिनं तो फिरवला नाही. तिथं उभी राहून ती त्याचं ओरडणं ऐकत राहिली, वाटेतल्या माणसानं दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकावं तशी.

“धाकटे,” आतून थोरलीचा आवाज आला, “मीपण भाजतेय गं.”

तेव्हा तिनं कॉक फिरवला.

पिशवी भरलीच नाही. नवरा ओल्या फरशीवर गुडघा धरून शिव्या देत होता; त्याला ओलांडून धाकटीनं बहिणीला उठवलं. जिन्यावर शेजारची बाई दार किलकिलं करून उभी होती. “त्यांना पण दवाखान्यात न्यायला सांगा,” धाकटी तिला म्हणाली आणि उतरली.

दवाखान्यात थोरलीच्या मानेची सोललेली कातडी बघून डॉक्टरीण थबकली. “हे कसं झालं?”

थोरली सवयीनं पुढं झाली. “काम करताना, बाई. नळाचं काम म्हटलं की...”

“ताई, तू बस.” धाकटीनं तिला मागं सारलं. “माझ्या नवऱ्यानं भाजलं. तोही येईल आता, भाजलेला. कॉक माझ्या हातात होता, मी बंद केला नाही. दोन्ही लिहा.”

डॉक्टरणीनं केसपेपर पुढं ओढला. धाकटीनं पदर बाजूला केला आणि खांदाही दाखवला.