निपाणीच्या सुमित्राचे पाच तारे

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. ज्यांना उद्या तोंड दाखवायचं असतं त्यांच्यासमोर जीभ रेटत नाही. तुम्ही काही माझ्या गल्लीत राहत नाही — म्हणून तुमच्याशी बोलते.

बेळगावात, वडगावला माझं घर. दिवसभर आजूबाजूला मागांचा खडखडाट, आणि त्यातच मी पोरांच्या शिकवण्या घेते. आणखी एक करायचे. मोबाइलवर खोटे अभिप्राय लिहायचे. ऑनलाइन विकणारा कुणीतरी वस्तू फुकट पाठवतो, आपण पाच तारे द्यायचे, चार ओळी गोड लिहायच्या, वस्तू आपल्याला. अशी इस्त्री आली, मिक्सर आला. गल्लीत सांगायचे, पुण्याच्या भावानं पाठवलं. भाऊ कसला पाठवतोय! दिवाळीला फोन करील तर शपथ.

मग तो डिस्क प्लेअर आला. वहीएवढा, झाकण उघडलं की छोटा पडदा, कुठंही उचलून न्यावा असा. स्वस्तातला. घरातली एक जुनी भजनांची सीडी मी लावून बघितली. दहा मिनिटं बरी चालली, मग आतून खर्र — खर्र. काढून बघते तर तिच्यावर गोल चरा, कंपासनं काढल्यासारखा. परत लावली, चाललीच नाही. म्हणजे मला माहीत होतं. नंतर कळलं वगैरे काही नाही — तेव्हाच माहीत होतं.

आणि लिहिलं काय? ‘लई भारी मशीन हाय. आमच्या आईला घेतलं. जुन्या शीड्या झकास चालत्यात. डोळं झाकून घ्या. — सुमित्रा, निपाणी.’ नाव खोटं, गाव खोटं, आई तर केव्हाच गेलेली. फक्त बोली खरी. ती मुद्दाम घातली. पुस्तकी लिहिलं की कुणाला खरं वाटत नाही — केवढी माझी हुशारी!

आमच्या समोरच ताराक्का राहते. साठी उलटली तरी घरात माग चालवते. तिची एकुलती एक लेक, रेखा, आजारपणात गेली. तेव्हा रेखाची मुलगी तनू वर्षाची होती. आता सात वर्षांची आहे. रेखाचे फोटो आहेत पुष्कळ. पण तिचा आवाज? तो एकाच ठिकाणी होता, तिच्या डोहाळजेवणाच्या सीडीत. बायका तिला नाव घ्यायला लावतात, ती उखाणा सुरू करते, मधेच विसरते आणि ‘थांबा गं, इसरलो की!’ म्हणून खळखळून हसते. घरातला जुना प्लेअर कधीच मोडला होता. आई बोलताना तनूला आठवतच नव्हती.

एका दुपारी ताराक्का मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मराठी तेवढं वाचते. पडद्यावर बोट ठेवून तिनं एकेक शब्द जुळवत मला वाचून दाखवलं — माझंच! — आणि म्हणाली, ‘‘सगळं विंग्रजीत न्हायतर कानडीत लिवलंय बघ. ही एकच बाई आपल्यावानी बोलत्या. सरळ दिसत्या गं. आईला घेतलंय म्हणं. एवढं मागवून दे की मला.’’

आमच्याकडे बसची पाटी कानडीत, कचेरीतला कागद कानडीत. कुठं अवचित मराठी अक्षर दिसलं की माणूस पाहुणा भेटल्यासारखा थांबतो. ताराक्का तशी थांबली होती. माझ्याजवळ.

एक वाक्य पुरलं असतं. ‘आक्का, हे नको, बाजारातल्या दुकानात जाऊन सीडी मोबाइलवर उतरवून घेऊ.’ अर्ध्या तासाचं काम! सुचलं नाही म्हणू? सुचलं होतं, अगदी ओठावर आलं होतं. पण मग ती विचारणार, तुला कसं ठाऊक? मग मिक्सर निघाला असता, इस्त्री निघाली असती, पुण्याचा भाऊ निघाला असता. आणि खरं सांगू? ‘सरळ दिसत्या’ म्हणाली ना, ते मला आवडलं. लाज वाटायच्या जागी आवडलं. मी बटण दाबलं.

प्लेअर आला. तनूनं दोनदा सीडी बघितली. दोन दिवस ती गल्लीभर ‘थांबा गं, इसरलो की!’ म्हणत, आईसारखं हसत हिंडत होती. तिसऱ्या दिवशी मी दारात तांदूळ निवडत बसले होते, आणि समोरून तो आवाज आला. खर्र — खर्र. हातातलं सूप तसंच राहिलं. मी उठले नाही. धावत गेले असते तर सीडी वाचली असती का? माहीत नाही. गेलेच नाही.

मग मीच ताराक्काला रिक्षात घालून दुकानं हिंडवली, मदतीला धावल्याचं नाटक केलं. एकानं पुसून बघितली, एकानं घासून बघितली. जिथं चित्रण केलं तो स्टुडिओ बंद पडलेला. परत येताना ताराक्कानं सीडी पदरात गुंडाळून धरली होती. ती रडली नाही. म्हणाली, ‘‘सुनंदा, त्या निपाणीच्या बाईला कळवाय पायजे गं. तिच्या आईच्या बी शीड्या जातील. बिचारीला ठावं नसंल.’’

ऐकलंत? शिव्या नाहीत, तळतळाट नाही. तिला काळजी पडली होती — सुमित्राची.

मी रिक्षातच मोबाइल काढला. ती सांगत गेली, मी त्या प्लेअरच्या पानावर लिहीत गेले. ‘ताई, मशीन वापरू नका, शीडीला चरा पडतोय, आईला जपा.’ तिला वाचून दाखवलं. ‘‘पाठवलं काय?’’ म्हणाली. ‘‘व्हय आक्का, पाठवलं,’’ म्हणाले. आणि पुसून टाकलं. माझ्या त्या खोट्या चार ओळींच्या वर कुणाचा इशारा दिसायला नको होता मला. कारण तेवढंच. त्या ओळी अजून तिथं आहेत, पाच ताऱ्यांसकट.

दोन वर्षं झाली. तनूला आता तो उखाणा आठवत नाही. हसणंही तिचं तिचं झालं. मागाचा धागा तुटला की खडखडाट थांबतो, आणि त्या शांततेत ताराक्का कधीकधी समोरून हाक मारते, ‘‘सुनंदा, त्या बाईचं काय उत्तर आलं काय गं?’’

‘‘न्हाय आक्का,’’ मी म्हणते. ‘‘अजून न्हाय.’’