चौकातले सगळे भाऊ

आमच्या चौकात तर्री-पोह्याचे दोन ठेले आहेत, समोरासमोर, आणि कोपऱ्यावर माझं झेरॉक्सचं दुकान. डावीकडचा ठेला नत्थूजींचा, उजवीकडचा बापूजींचा. पूर्वी दोघांची भागी होती. मग तर्रीचा, म्हणजे पोह्यांवर ओतायच्या झणझणीत रश्श्याचा, मसाला मुळात कोणाच्या घरचा, यावरून बिनसलं आणि बोलणं बंद झालं. मी एक दिवस इकडे खातो, एक दिवस तिकडे, म्हणून दोन्ही घरं मला फितूर समजतात. समजोत. जीभ माझी आहे.

सांगायचं आहे ते नत्थूजींच्या सोनिकाबद्दल. बापाचा उजवा खांदा धरला, पळी उचलेना, तेव्हा ही पोरगी बारावीत होती. पहाटे उठून तर्री चढवायची, ठेला लावायची आणि गर्दी ओसरली की कॉलेज गाठायची. आता बी.कॉम.ला आहे आणि अजून तसंच चाललंय. हाताला चव तर आहेच, पण तोंडात साखर आहे. रिक्षावाला असो, प्राध्यापक असो की गल्लीतला दादा, "भाऊ, तर्री जास्त? भाऊ, कांदा?" त्या एका शब्दावर तिने चौक ताब्यात ठेवला होता. वाकडं बघायची कोणाची टाप नव्हती. मला तिचं भारी कौतुक आहे, उगाच लपवत नाही.

नत्थूजींनाही होतं. दिवाळीनंतर पक्का गाळा घेऊ, तो सोनिकाच चालवेल, असं ते सगळ्यांना सांगत. पोरीचा जीव त्या गाळ्यात अडकला होता. अट एकच. बापूजींच्या घराशी संबंध ठेवलास तर ठेल्यावर पाय ठेवायचा नाही; मग बेसा गावचा चुलतभाऊ येऊन पळी धरेल.

एका सकाळी ऐन गर्दीत तिचा सिलिंडर संपला. नत्थूजी दवाखान्यात गेले होते. तेवढ्यात बापूजींचा रजत, पॉलिटेक्निकला जाणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, आपल्या ठेल्यामागचा भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडून आला. ठेवला आणि गेला. त्या दिवशी बापाने त्याची चांगलीच हजेरी घेतली म्हणतात.

त्यानंतर हा पठ्ठ्या आपला ठेला आवरला की तिच्या रांगेत उभा राहू लागला. ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट घालून. काच वर करून पोहे खायचा. अख्ख्या चौकाला ठाऊक होतं, फक्त नत्थूजींना नाही, कारण ते रांगेकडे पाठ करून लिंबं चिरत बसलेले असत. दुपारी दोघं नोट्स झेरॉक्स करायला नेमकी एकाच वेळी येत, आणि माझं मशीनही नेमकं तेव्हाच अडकत असे.

घात झाला तो एका न उच्चारलेल्या शब्दाने. रांग पुढे सरकत होती. "भाऊ, लिंबू? भाऊ, शेव?" हेल्मेटवाल्याची पाळी आली आणि सोनिका नुसतंच म्हणाली, "तर्री?" तेही हळू. नत्थूजींची सुरी थांबली.

ते उठून पुढे आले आणि त्यांनी वाकून हेल्मेटच्या आत पाहिलं. रजतने हेल्मेट काढलं. समोर बापूजी कढई घासायचे थांबले.

नत्थूजी ओरडले नाहीत. पोरीला एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक होय नं? मंग भाऊ म्हन त्याले."

एक शब्द म्हटला की ठेला तिचा, गाळा तिचा, आणि बापाच्या मनातली शंकाही मिटली. रजतच खालच्या आवाजात म्हणाला, "म्हनून टाक वं. ठेला नको जाऊ देऊ." तो पोरगा मला तेव्हा फार आवडला.

सोनिकाचे डोळे भरले होते, आवाज मात्र सरळ होता. "बाबा, अख्ख्या नागपूरले भाऊ म्हनीन. याले म्हननार नाही."

तिने पळी बापाच्या हातात दिली, ॲप्रन सोडला आणि ठेल्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

रजतची प्लेट अजून तशीच पुढे होती, नुसत्या पिवळ्या पोह्यांची. नत्थूजी पोरीकडे बघत राहिले. आता हा माणूस पळी पोराच्या अंगावर भिरकावतो, असं मला वाटलं. त्यांनी डाव्या हाताने उजवा कोपर धरला, पळी बुडवली आणि तर्री त्या प्लेटमध्ये ओतली. अर्धी रजतच्या अंगठ्यावर गेली. चांगलंच पोळलं असणार, पण त्याने प्लेट मागे घेतली नाही.

नत्थूजींनी पळी पोरीपुढे केली.

"धर," ते म्हणाले. "माह्या हातानं सांडते."