कंपनीचा माणूस जेवायला

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते थोरल्या वहिनीचे. तिने काजूच्या कारखान्यात काम करून माझी फी भरली, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो. आता तिच्या मुलाची कॉलेजची फी मी भरणार होतो.

पण कुवेतमधल्या आमच्या कंत्राटी कंपनीने पाच महिने पगारच दिला नाही. फरवानियातल्या आमच्या खोलीतल्या सहा जणांनी तक्रार केली आणि प्रकरण कोर्टात गेलं. मी बी.कॉम. असल्यामुळे सगळे मला वकील म्हणू लागले. आमच्यातले वयाने मोठे गवंडीकाका म्हणत, "वकीलसायब, कांदे कापा."

एका शुक्रवारी कंपनीचा मंदूब आला. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीचे कागद फिरवणारा माणूस. हा केरळचा होता. दोन महिन्यांचा पगार घ्या आणि केस मागे घ्या, असा कागद त्याने आल्या आल्या पुढे केला. एकाने सही केली असती तर बाकीचे टिकले नसते. पण वेळ जेवणाची होती.

काका म्हणाले, "पहले खाना, बाद में केस."

बांगड्याचं कालवण चाखून तो म्हणाला, "नारियल कम है."

"पगार दो, नारियल डालेंगे," काका म्हणाले.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. जेवल्यावर कागद पुन्हा काढायचा त्याला धीर झाला नाही. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा आला, पुन्हा जेवून गेला. तिसऱ्या खेपेला नारळ घेऊनच आला आणि हात धुताना मला हळूच म्हणाला, "वकील साब, मेरा भी चार महीना बाकी है. मेरा नाम डलेगा?"

"जेवणाऱ्यांत कधीच घातलंय," काका आतून म्हणाले. त्याची वेगळी तक्रार मी लिहून दिली.

निकाल लागल्यावर गावी निघालेल्या मित्राबरोबर मी वहिनीला हे पत्र पाठवलं:

"वहिनी, फोनवर बोललेलं सगळं घर ऐकतं, म्हणून लिहितोय. आम्ही जिंकलो. पैसे हातात यायला वेळ लागेल. मध्यंतरी दोन महिन्यांच्या पगारावर केस मिटवायच्या कागदावर सही करायला मी पेन उघडलं होतं, ते काकांनी काढून घेतलं. दादाला सांगू नकोस. फीसाठी कॉलेजकडे थोडी मुदत माग. निकालाची झेरॉक्स सोबत आहे, ती दाखव. अरबीत आहे, कुणाला वाचता येणार नाही, पण शिक्का चांगला मोठा आहे."