हळदीनं खाल्लेली फारसी

"तुझ्या खापरपणज्यानं बकरं चोरलं होतं. त्याला फटके मारल्याचा कागद हाय ह्यो," देशमुख म्हणाले. ओट्यावरचे सगळे हसले. बा पायरीखाली उभा होता. तोही हसला. ते मला अजून सहन होत नाही.

आम्ही मेंढरं राखणारे. येलदरीच्या अलीकडे आमचं गाव. गावामागच्या माळावर चराईचा हक्क निजामाच्या काळात लिहून मिळालाय, असं घरात सांगत. त्या माळाला देशमुखांनी तारकुंपण घातलं, तेव्हा बानं पत्र्याच्या नळीतला कागद काढला. कागद फारसीत. गावात ती वाचणारे एकटे देशमुखच. मग त्यांच्याच दारात गेलो. दुसरं होतं कोण?

मी तेव्हा बारावीत. मीच पुढं होऊन म्हणाले, "कागद द्या."

"तुला वाचता येतंय का गं?"

"न्हाई येत. द्या."

त्यांच्या हातातून कागद घेतला. बा रस्ताभर मलाच शिव्या देत आला.

परभणीत एक म्हातारे मौलवी भेटले. "ये जबान सीखके क्या करते बेटी?" त्यांनी विचारलं. लोक जुनी भाषा आवडीनं शिकतात म्हणे, कवितांसाठी शिकतात. मी रागानं शिकले. दिवसभर कापडाच्या दुकानात उभी, संध्याकाळी अलिफ-बे. कचेरीतलं ते घाईचं, एकात एक गुंतलेलं अक्षर लागायला पाच वर्षं गेली.

मग कागद उघडला. चोरी नव्हती. फटके नव्हते. खापरपणज्याचं नाव होतं, मेंढरं होती, चराईची परवानगी होती. कुठल्या माळाची, ते मात्र वाचता येईना. दर दसऱ्याला आम्ही त्या कागदाची पूजा केली होती. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी ओल्या हळदकुंकवाचं बोट. आजीनं, आईनं, मीसुद्धा. तिथली शाईच गेली. देशमुखांना काही करावंच लागलं नाही. तहसीलमधल्या साहेबानं कागद परत सरकवला. त्याचं तरी काय चुकलं?

बानं मेंढरं विकली. आता तो एका गोदामावर वॉचमन आहे. "लय शिकलीस. काय झालं त्याचं?" म्हणतो.

माळ मिळणार नाही. या भाषेवर नोकरीही मिळणार नाही. तरी शिकतेय. गावात अजून बऱ्याच घरांत असले कागद आहेत, त्यात आमची नावं आहेत. ती आता कुणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार नाही. काहीही वाईट लिहिलेलं निघो. मीच वाचेन. मोठ्यानं वाचेन.