पांढऱ्या नळ्या

त्या बारा पांढऱ्याशुभ्र नळ्या अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. पडेगावच्या पुढं रसायनांचा एक छोटा कारखाना होता. तिथला एक कामगार भरदुपारी स्टुलावर बसल्या बसल्या गेला. आम्ही पोलीस पोहोचलो तेव्हा दारं-खिडक्या उघडलेल्या होत्या. अंगावर ओरखडाही नाही. भिंतीखाली एक पाल उताणी पडली होती. सोबतचे कामगार म्हणाले, सकाळी सडक्या अंड्यांसारखा वास होता, मग तो अचानक थांबला, आम्हाला बरंच वाटलं.

अकस्मात मृत्यूची नोंद केली. दुसऱ्या दिवशी मयताची बायको ठाण्यात आली. तीही त्याच कारखान्यात झाडलोट करायची.

"साहेब, माझा माणूस धडधाकट व्हता. मालकाला सोडू नका."

मालकाला बोलावलं. दोन तास तो एकच सांगत होता: विषारी वायू भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र नळ्यांतून जातो, नळ्यांना वायू शोषणारा रासायनिक लेप आहे, नळ्या नव्या आहेत. खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिले, हा त्यातला वाटेना. प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी मात्र नळ्या पाहून मान हलवली. लेप वायू धरतो तसा काळा पडतो, यांच्यावर लेपच नाही, म्हणाले.

मग मालकानं बिनलेपाच्याच नळ्या बसवून फसवलं, असं धरून मी पुन्हा पंचनाम्याला गेलो. शेडमागच्या नळाखाली जमीन काळीकुट्ट होती. शेजारी तारेचा ब्रश. घरी पाण्याच्या फिल्टरची कांडी आपण अशीच घासतो.

बाईला विचारलं. ती अभिमानानं म्हणाली, "मीच घासायचे की, दर शनिवारी. लई काळ्या व्हायच्या. ह्यांची बसायची जागा तिथंच, म्हून जास्तच घासायचे. मालक बघून म्हणायचे, काम चोख हाय."

मालकाला पुन्हा समोर बसवलं. घासून लेप जातोय हे त्याला ठाऊक होतं, ते त्यानं आता कबूल केलं. "वास येत नव्हता, म्हटलं चालतंय," तो म्हणाला. वायू वाढला की आधी नाकच बधिर होतं, हे तज्ज्ञांनी मला सांगितलं होतं. हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल करून त्याला अटक केली.

राहिला बाईचा जबाब. नियमाप्रमाणे तो तिला वाचून दाखवला. शनिवारच्या ओळीवर तिनं मला थांबवलं.

"साहेब, म्हंजी मीच?"

मी म्हणालो, मालकानं सांगायला हवं होतं. ते खरं होतं, पण तिनं विचारलेलं ते नव्हतं, आणि तिला ते कळलं. ती हाताचे तळवे बघत बसून राहिली.

गुन्हेगार सापडला की काम संपतं, असं मी नोकरीभर मानलं. आता घरी बायको फिल्टरची कांडी घासायला बसली, की मी स्वयंपाकघरातून उठून जातो.