खळ्यातली दोन सीटची गाडी

एखाद्या घरात एक मोडकी वस्तू असली की शेजाऱ्यांना वर्षभर विषय पुरतो. आमच्या शेजारी तर अख्खी गाडीच मोडकी आली! मग किस्से साठणार नाहीत तर काय? परवा बाजारात मैत्रिणींना सांगायला लागले, तर बायका भाजी घ्यायच्या विसरल्या. म्हटलं, आता लिहूनच काढावं. शाळा माझी सातवीपर्यंतच, तेव्हा वाचताना सांभाळून घ्या.

आमचं घर जव्हारबाहेर, दाभोशाच्या रस्त्याला. शेजारी रघूदादा आणि त्याची बायको मंजू. मला डोकावायची सवय आहे असं लोक म्हणतात. पण मधलं कुंपणच बुटकं, त्याला मी काय करू!

रघूदादा बरीच वर्षं ठाण्याला गॅरेजात होता. गॅरेजच्या मागे एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार धूळ खात पडलेली. लाल, दोन सीटची, घोरपडीसारखी जमिनीला चिकटलेली. शेठ म्हणाला, "जागा अडवतेय, घेऊन जा." रघूदादाने गावी येताना कपड्यांची बॅग आणली आणि टेम्पोत घालून ही गाडी आणली. मंजूला बॅगेचंच काय ते आधी सांगितलेलं!

*

गाडी उतरवली खळ्यात. सपाट जागा दुसरी नव्हतीच. आमचे हे पुढे झाले. यांना गाड्यांतलं कळतं, म्हणजे यांच्याकडे मोटारसायकल आहे. पुढचं झाकण उघडलं आणि ओरडलेच, "रघू, फसवलं तुला! इंजिन काढून घेतलंय!"

आत नुसतं स्टेपनीचं चाक.

मी हे फक्त दोघींना सांगितलं. तरी दुपारपर्यंत माणसं भेटायला यायला लागली. कुणी दुकान बंद करून आलं, कुणी शेतातनं. सगळे हळू आवाजात बोलत होते, जसं काही घरात कुणी गेलंय. मी तर चहाचं मोठं पातेलं चढवलं.

रघूदादा चहा पिऊन उठला, सीटच्या मागचं झाकण उघडलं. "हे काय इंजिन. या गाड्यांचं मध्ये असतं, पोटात."

एका म्हाताऱ्याने वाकून बघितलं. "तोंडात काय नाय, सगळं पोटात? पुढारी हाय काय रं!"

*

लोक गेल्यावर मंजू बोलली. ती कमी बोलते, पण बोलते ते दगडावर कोरल्यासारखं.

"भात कापून आलं की मला खळं लागेल. तोवर ही आपल्या चाकांनी बाहेर गेली तर तुझी. नाय गेली तर भंगारवाल्याची."

"मंजू, मी तिला नवीन करणार हाय. नवीनपेक्षा नवीन!"

"कर. पण भात तुझ्या गाडीसाठी थांबत नाय."

रघूदादाने लगेच खळ्यावर ताडपत्रीचा मांडव घातला. स्टँडजवळ त्याने टाकलेलं पंक्चरचं दुकान सकाळी, गाडी दुपारनंतर. पाऊस सुरू झाला, भाताची आवणी झाली, चिखलाचे पाय धुऊन माणूस पुन्हा गाडीखाली! मी आतापर्यंत देवळात कुणाला एवढं आडवं पडलेलं बघितलं नाही.

*

पहिली दुरुस्ती उंचीची. ठाण्याच्या जुन्या मित्राने फोनवर सांगितलं, "रघ्या, गाडी अजून दोन बोटं खाली बसव. काय लुक येईल!"

रघूदादाने त्याला व्हिडिओ कॉल केला आणि फोन घेऊन घरासमोरच्या रस्त्याने चालत गेला. एक स्पीडब्रेकर दाखवला. पुढचा खड्डा दाखवला. त्याच्या पुढचा खड्डा दाखवला, ज्यात एक म्हैस बसलेली.

मित्राने म्हैस बघितली. मग म्हणाला, "वर उचल. जमेल तेवढी उचल!"

मग लांब स्प्रिंगा आल्या, चाकं मोठी आली. गाडी उभी राहिली तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता कशी माणसात आल्यासारखी दिसते!"

*

या गाडीचं इंजिन मध्ये आणि रेडिएटर पुढे. पाण्याचे पाइप अख्ख्या गाडीखालून जातात. त्यात हवा अडकली की इंजिन तापतं. रघूदादाने एका टेम्पोचा मोठा रेडिएटर पुढे बसवला, नवे पाइप टाकले आणि हवा काढायला गाडीचं तोंड जॅकवर उचलून ठेवलं. आता पाण्याच्या टाकीच्या तोंडाशी बुडबुडे कधी थांबतात ते बघायला माणूस हवा. तो स्वतः मागे पाना धरून.

"कुसुमताई, जरा याल? इथे बसा आणि नुसतं बघत राहा. बुडबुडे थांबले की हाक मारा."

मी स्टूल घेऊनच गेले. एक बुडबुडा माझ्या नजरेतून सुटला नाही! तिकडे घरात डाळ करपली. हे ओरडत आले, "काय चाललंय तुझं?"

मी मान न वळवता म्हटलं, "कामावर आहे."

लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मला 'बघत राहा' म्हणणारा हा पहिला माणूस!

*

पुढचा बंपर टेम्पोतच फुटला होता. तसा मिळणार कुठे? रघूदादाने मोखाड्याहून लक्ष्मणबाबांना आणलं. बाबा बोहाड्याच्या जत्रेतल्या सोंगांचे मुखवटे करतात, कागदाच्या लगद्याचे. ठरलं असं, की बाबांनी साचा करायचा आणि त्यावर रघूदादाने फायबर चढवायचं.

बाबांनी गाडीपुढे बैठक मारली. बिडी ओढत तिच्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "देव का राक्षस?"

"बाबा, बंपर हाय."

"ते कळलं. पण देव का राक्षस? दात काढायचे का नाय, ते त्याच्यावर ठरतं."

रघूदादा विचारात पडला. घरातनं मंजूचा आवाज आला, "माझं खळं अडवून बसलाय! राक्षसच तो!"

झालं. बाबांनी बाईमाणसाचा शब्द खाली पडू दिला नाही. बंपर असा झाला की संध्याकाळी आमची शेरडं त्या बाजूने यायला तयार होईनात. रघूदादाने घासून घासून बाकीचे दात काढून टाकले, पण दोन सुळे ठेवले. म्हणतो, "त्यांच्यामधनं रेडिएटरला वारा चांगला लागतो."

*

आता शेवटचं राहिलं, इंजिन चालू करायचं. भात पिवळं पडायला लागलेलं. रघूदादाच्या तोंडचं पाणी पळालेलं. बॅटरी आणली, नारळ आणला. तो चावी फिरवणार, एवढ्यात मंजू किंचाळली, "थांब!"

इंजिनाच्या कडेला, चिंध्यांच्या ढिगावर तिची तांबडी कोंबडी बसलेली. खुडूक. पोटाखाली अंडी.

"उचलून टोपलीत ठेवू," रघूदादा म्हणाला.

"बसलेली कोंबडी उठवतात काय? अंडी वाया जातील."

"अगं, भात आलं की तू गाडी भंगारात देणार!"

"देणार."

"आणि तोवर मी चालू पण नाय करायची?"

"पिलं निघेपर्यंत नाय."

"मग मी करू काय?"

मंजूने शांतपणे सांगितलं, "तांदळाची कणी टाक तिला."

रोज सकाळी रघूदादा त्या झाकणापाशी वाकून कोंबडीला कणी घालायचा आणि हात जोडायचा. आधी मला वाटलं देवाला जोडतोय. नाही हो, कोंबडीला! एका बाजूने शेतात विळे लागले, दुसऱ्या बाजूने पिलांचा पत्ता नाही. मी तर कुंपण सोडून हललेच नाही.

शेवटी शेतात भारे बांधायला सुरुवात झाली त्या सकाळी झाकणाखालून चिवचिव ऐकू आली. मंजूने पदरात पिलं वेचली, कोंबडी काखेत मारली आणि म्हणाली, "हं. आता फिरव चावी."

इंजिन खोकलं. धूर आला. परत खोकलं. आणि असं गुरगुरलं, की मी सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गाडी आपल्या चाकांनी खळ्यातनं निघाली आणि रस्त्याकडेला आंब्याखाली जाऊन उभी राहिली. रघूदादा उतरून मंजूकडे बघायला लागला. ती शेणाची पाटी घेऊन खळं सारवायला बसली, पण सारवताना गुणगुणत होती, मी ऐकलं ना!

*

हा शेवटचा किस्सा यंदाचाच. भात झोडून झालं होतं. पेंढ्यात उरलेले दाणे काढायला मळणी घालायची, तर बैल लंगडायला लागला. ट्रॅक्टरवाला साखरशेत गावाला अडकलेला. आणि आभाळ भरून आलेलं. भिजलं असतं तर उरलेलं भात तर गेलंच, गुरांचा वर्षाचा पेंढाही गेला असता.

मंजू आभाळाकडे बघत होती. मग आंब्याखाली बघितलं.

"काय रं, हिचं सगळं वजन मधे नि मागच्या चाकांवर येतं, असं तू लोकांना सांगत असतोस ना?"

"हो. म्हणून तर वळणाला..."

"मग आण इकडे."

रघूदादाने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याची बादली भरून आणली, सायलेन्सरला पेंढा लागून पेटला तर!

पेंढा अंथरला. मंजू मधोमध पेंढा ओढायची आकडी घेऊन उभी. गाडी पहिल्या गियरमध्ये गोल फिरायला लागली, सुळे पुढे काढून, अगदी बैलाच्या चालीने. मंजू तिला "हो, हो, हळू!" करून हाकत होती, वळणावर आकडीने दिव्यावर टकटक करत होती. चाकाखाली दाणे सुटत होते. आमचे हे पेंढा झाडत होते, मी बादली धरून गाडीमागे फिरत होते.

तेवढ्यात दाभोशाचा धबधबा बघायला निघालेली मुंबईची पोरं रस्त्यात थांबली. चकचकीत नवी गाडी. त्यातला एक कुंपणावरून वाकला, हातात मोबाइल, डोळे एवढाले! "अंकल, क्या बात है! इंजिन बीच में है ना? इसका टॉप स्पीड कितना है?"

रघूदादाचा चेहरा फुलला. त्याने काच खाली केली, सांगायला तोंड उघडलं.

मंजूने आकडीही खाली ठेवली नाही.

"दाणा फुटणार नाय एवढा!"